मोडक्या तुऱ्याची समई

दिवेलागणीला बायको देवापाशी समई लावते तेव्हा ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी टीव्हीचा आवाज थोडा वाढवतो. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. खून, दरोडे, दंगलीचे बंदोबस्त, सगळं पाहून झालं. त्यातलं बहुतेक विसरलो, आणि जे लक्षात आहे ते कुणी विचारलं तर रंगवून सांगता येतं. ही एक साधी चोरी मात्र काही केल्या रंगवता येत नाही. म्हणून जशी झाली तशी लिहितो. नावं कुणाचीच घेत नाही. त्यातले काहीजण अजून आहेत, आणि जे नाहीत त्यांना त्रास देऊन झालेला आहे.

तेव्हा मी घनसावंगी तालुक्यात, गोदाकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नवरात्र चालू होतं. लोकांना नवरात्र म्हणजे उपास आणि देवीचं दर्शन. पोलिसाला नवरात्र म्हणजे मंडळांचे परवाने, डीजेवरून होणारी भांडणं आणि दसरा पार पडेपर्यंत रजा बंद. सकाळच्या हजेरीला निम्मे शिपाई उभ्याउभ्या पेंगत असायचे. मी त्यांना रागवत नव्हतो, कारण रागवायला लागणारा उत्साह माझ्यातही नव्हता. पाठीचं दुखणं त्याच वर्षी सुरू झालं होतं.

अशात एका दुपारी जमादारांनी केबिनच्या दारातून डोकं आत घातलं. हे ठाण्यातले सगळ्यात जुने हवालदार. त्यांना सगळे जमादारच म्हणायचे.

"साहेब, देवीच्या देवळात चोरी झाली. गाव येऊन राह्यलंय ठाण्यावर."

"दानपेटी फोडली?"

"न्हाई. समई नेली एक."

"एकच?"

"एकच, साहेब. दुसरी जागेवर हाये."

मी चहाचा कप खाली ठेवला. देवळातली चोरी म्हणजे डोक्याला ताप. माल किरकोळ असतो, पण तासाभरात आमदारांचा फोन येतो, मग जिल्ह्याच्या ऑफिसातून विचारणा होते, आणि संध्याकाळी कुणीतरी मोबाइलवर लिहितो की पोलीस झोपा काढतात. झोपा काढायला मिळत असत्या तर मीच आनंदानं कबूल केलं असतं.

गाव आलं ते आरोपी सोबत घेऊनच. मध्ये देवळाचा गुरव होता, पन्नाशीचा, किडकिडीत, नवरात्राच्या उपासानं आणखी वाळलेला. त्याच्या दंडाला एकानं धरलं होतं. पुढं देवस्थानचे अध्यक्ष. ते बोलायला लागले तशी बाकीची कुजबूज थांबली.

"साहेब, चोर आम्ही आणलाय. माल कुठं लपवला तेवढं तुम्ही काढून घ्या. दसऱ्याच्या आत निकाल लागला पाहिजे. दसऱ्याला आम्ही नवा पुजारी ठेवून राह्यलो."

त्यांनी सांगितलेली हकिकत अशी. गाभाऱ्यात देवीच्या दोन्ही बाजूंना पितळेची एकेक समई. हातभर उंच, वर मोर. घटस्थापनेला दोन्ही लागतात आणि दसऱ्यापर्यंत अखंड तेवतात. त्या दिवशी दुपारी गुरवानं नैवेद्य दाखवला, जाळीचं दार नुसतं ओढून घेतलं आणि शेजारीच असलेल्या घरी फराळाला गेला. सोयाबीनच्या काढणीचे दिवस, गाव सगळं रानात. अर्ध्याएक तासानं तो परतला तर डाव्या बाजूची समई नव्हती. तिच्या जागी जमिनीवर मूठभर अक्षता होत्या, त्यांच्यावर कणकेचा एक छोटा दिवा होता, आणि तो तेवत होता.

"समईतलं तेलसुद्धा दुसऱ्या समईत ओतलेलं, साहेब," अध्यक्ष म्हणाले. "काठोकाठ. फरशीवर एक टिपूस न्हाई. आता तुम्हीच सांगा, भुरटा चोर असं करंल का? फुंकर मारंल आन घेऊन पळंल. ज्योत खाली ठेवायची, तिला अक्षतांचं आसन द्यायचं, हे पुजाऱ्याबिगर कुणाला सुचंल?"

तर्क बरोबर होता, आणि तोच वाईट भाग होता. आपल्याकडे दिवा फुंकून विझवत नाहीत. विझला असंही म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. अखंड ज्योत तर घरातल्या जित्या माणसासारखी सांभाळतात. घर एकटं सोडत नाहीत, रात्री पाळीनं उठून तेल घालतात. चोराला हे सगळं माहीत होतं आणि चोरी करतानाही त्यानं ते मोडलं नव्हतं. त्यामुळं गावाचं बोट सरळ गुरवाकडं गेलं होतं.

मी फिर्याद घ्यायला सांगितली, गर्दी बाहेर काढली आणि गुरवाला केबिनमध्ये बसवलं. पाणी दिलं. ते त्यानं हातातच धरून ठेवलं.

"कुणावर संशय?"

"कुणावर न्हाई."

"हे बघा, समई सापडली नाही तर तुमची देवीची सेवा जाते. आणि सेवेबरोबर घरही जातं. ते देवस्थानच्या जागेत आहे ना?"

"हाये. ते दिसून राह्यलं मला. तिथं भक्तनिवास बांधायचं चाललंय त्यांचं लई दिवसापासून."

"मग कुणाचं तरी नाव घ्या. भांडण, वैर, काहीतरी असेल."

त्यानं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "साहेब, ज्यानं ज्योत खाली उतरवून ठेवली त्याला मी शिव्या कशा देऊ? मला तर हात जोडावे वाटले."

"तो कणकेचा दिवा कुठंय?"

"गाईला घातला."

"काय?"

"कणकेचा दिवा किती वेळ टिकणार? मी त्याच्यावरनं पणतीत ज्योत घेतली. मंग तो दिवा गाईला घातला. तसंच करतेत."

पुरावा गाईच्या पोटात गेला होता. जमादार भिंतीकडं तोंड करून हसत होते. मी त्यांना बाहेर पाठवलं. गुरवाचा जबाब लिहून घेतला आणि त्याला रोज सकाळी ठाण्यावर यायला सांगून सोडून दिलं. अध्यक्षांना ते आवडलं नाही. मारल्याशिवाय माणूस बोलत नाही असा पुष्कळ लोकांचा समज असतो. नोकरीत मी बोलणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण मारून बोललेला माणूस आपल्याला पाहिजे तेच बोलतो, खरं बोलेलच असं नाही.

संध्याकाळच्या आत पंचनाम्याला गेलो. देऊळ नव्यानं सजवलेलं. फरशी, स्टीलचे कठडे, मोटारीवर वाजणारा नगारा. एक कॅमेराही होता. त्याचं तोंड दानपेटीकडं होतं. गाभाऱ्याकडं बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

उजवी समई मी जवळून पाहिली. मोर अगदी रेखीव होता, तुऱ्याच्या टोकापर्यंत.

"गेलेली अशीच होती?"

"जोडीच हाये, साहेब," अध्यक्ष म्हणाले. "फक्त तिच्या मोराचा तुरा मोडका होता. तशीच आल्ती ती."

मी थांबलो. दोन समया शेजारी उभ्या, एक चांगली, एक मोडकी. गाभाऱ्यात कुणी नाही. पितळेसाठी आलेला चोर दोन्ही नेईल. एकच झेपत असेल तर चांगली नेईल. ह्यानं मोडकी नेली होती. म्हणजे त्याला समई नको होती, तीच समई पाहिजे होती.

हे मी अध्यक्षांना बोललो नाही. एवढंच विचारलं की या समया देवस्थानकडं आल्या कुठून. गावातल्याच एका बागायतदारानं चार-पाच वर्षांपूर्वी दिलेल्या. "तशा बी आता त्या काढायच्याच होत्या," ते सहज म्हणाले. "एक भक्त विजेची जोडी देऊन राह्यला दसऱ्याला. काजळी न्हाई, तेल न्हाई. ह्या जुन्या मोडीत घालणार होतो. रोज आरतीला भोंग्यावर सांगून राह्यलो मी."

"म्हणजे जी दसऱ्यानंतर मोडीत जाणार होती, तिच्यासाठी एवढं गाव उठलंय?"

"चोरी ती चोरीच, साहेब."

तेही खरंच होतं. फिर्याद मीच घेतली होती.

दुसऱ्या दिवशी बागायतदाराकडं गेलो. माणूस सरळ वाटला. घरात जुनी जोडी होती, देवीला दिली, असं दोन वाक्यांत सांगून तो मोकळा झाला. जुनी म्हणजे कुणाची, असं विचारल्यावर त्यानं ट्रॅक्टरचा विषय काढला. निघताना त्याची बायको चहा घेऊन आली. ती दारातच हळू आवाजात म्हणाली, "ती पहिल्या बाईची हाये साहेब. तिच्या माहेरची. ती बाळंतपणात गेली, बाळासकट. मंग मला दिवस ऱ्हाईनात, तर कुणीतरी ह्यांना सांगितलं, गेलेल्या बाईचा दिवा घरात लावू नका. म्हनून देवीला दिली." मग तिनं रिकामे कप उचलले. "मी म्हनलं नव्हतं तसं," एवढं बोलून ती आत गेली.

त्याच दिवशी जमादारांनी खबर आणली. त्यांची खबर नेहमी चहाच्या टपरीवरून यायची आणि बहुतेक वेळा बरोबर असायची. चोरीच्या दुपारी एक काळीपिवळी जीप परतूरच्या बाजूला गेली होती. ड्रायव्हर सांगत होता की गावच्या फाट्यावर एक म्हातारी चढली. लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं, ते तिनं मांडीवर आडवं धरलं. टपावर टाकतो म्हटलं तर देईना. "सारखी म्हनत होती, लेकरा हळू चालव," ड्रायव्हर म्हणाला. "मला वाटलं लहान पोरगं हाये लुगड्यात."

पहिल्या बायकोचं माहेर परतूरच्या बाजूलाच होतं. आता शोधायचं असं काही उरलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला अशा वेळी छाती फुगायची. त्या दिवशी मला नुसतं दमल्यासारखं वाटलं. गुरव सुटणार होता, पण त्याच्या जागी कुणाला बसवायचं ते दिसत होतं.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं. महिला शिपायाला घेतलं, जमादारांना घेतलं, तिथल्या गावचे दोन पंच घेतले आणि गेलो. पत्र्याचं दोन खणांचं घर, अंगण शेणानं सारवलेलं. म्हातारी ओट्यावर बसून मांडीवर वाती वळत होती. शेजारी सरकी काढलेल्या कापसाचा ढीग. आम्हाला बघून ती उठली नाही, घाबरलीही नाही.

"बसा," ती म्हणाली. "च्या टाकते."

"चहा नको, आजी. देवीला गेल्या होत्या का परवा?"

"गेल्ते. दरसाल जाते. लेकीचं गाव हाये ते."

"तिथली समई चोरीला गेली, ते कळलं का?"

ती वाती वळत राहिली. मी इकडून तिकडून विचारलं. कोणत्या जीपनं आलात, सोबत काय होतं, लुगड्यात काय बांधलं होतं. महिला शिपायानं गोड बोलून पाहिलं, जमादारांनी आवाज चढवून पाहिला. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी बसलो होतो तिथून देवघरातला उजेड भिंतीवर दिसत होता. झडती घेतली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण उठावंसं वाटेना. तिनं स्वतःच सांगावं असं मला वाटत होतं, का ते माहीत नाही.

शेवटी मी म्हणालो, "आजी, तिथल्या गुरवावर आळ आलाय. दसऱ्याला त्याला देवळातून काढणार आहेत. घरही जाणार त्याचं."

तिचा हात मांडीवरच थांबला.

"त्याच्यावर कसा काय? मी तर ज्योत ठेवून आल्ते."

"म्हणूनच तर. गाव म्हणतं, एवढी ज्योत सांभाळणारा चोर म्हणजे पुजारीच."

ती माझ्याकडं बघत राहिली. आधी तिला ते समजलं नाही. समजलं तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं.

"मंग मी इझवून आल्ते तर बरं झालं असतं का, साहेब?" ती म्हणाली. "फुंकर मारून आल्ते, तर त्या गरिबाच्या मागं हे लागलं नसतं का?"

महिला शिपाई खाली बघायला लागली. जमादारांनी टोपी काढून पुन्हा घातली. खरं उत्तर 'हो' असं होतं. फुंकर मारली असती तर अज्ञात चोरट्यावर गुन्हा दाखल झाला असता आणि कागद कपाटात पडला असता. पण हे उत्तर द्यायला माझी जीभ उचलली नाही. आजही कुणी विचारलं तर उचलणार नाही.

मग तिनं सगळं सांगितलं. ती जोडी तिच्या आईनं तिला दिलेली. लेक रांगत होती तेव्हा तिनं एक समई अंगावर ओढून पाडली आणि मोराचा तुरा मोडला. लग्नात वडील नवी जोडी घेऊ म्हणाले, तर लेक हटून बसली, मला हीच पाहिजे म्हणून. लेक गेली. जावयानं समया देवीला दिल्या ते म्हातारीला नवरात्रात दर्शनाला गेल्यावरच कळलं.

"वाईट न्हाई वाटलं मला. घरात न्हाई तर न्हाई, देवीपाशी जळती, बरंच झालं म्हनलं. दरसाल तेल घेऊन जायची, हातानं घालायची. ह्या साली भोंग्यावर ऐकलं, मोडीत देणार. मोड म्हंजे वितळवतेत न साहेब?"

"अध्यक्षांकडं मागायची होती."

"कोन म्हनून मागू? लेक ऱ्हायली न्हाई, जावयाला दुसरं घर झालं. आन देवीला दिलेली वस्तू कोन माघारी मागतं?" मग ती म्हणाली, "कणकेचा दिवा मी देवीला लावायलाच नेल्ता. तो ताटात होता. दुसरं कुणी नव्हतं. हातच गेला माझा. पर ज्योत जागेवर ठेवली. दुसरी समई देवीची, तिला हात लावला न्हाई."

ती उठून आत गेली. समई देवघरात तेवत होती, मोडक्या तुऱ्याचा मोर वर बसलेला. आता ती मुद्देमाल म्हणून जप्त करायची होती, आणि जळता दिवा जप्त कसा करायचा हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. जमादार माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, थांबू थोडं.

म्हातारीनं परातीत कणीक घेतली, पाण्याच्या हातानं मळली, अंगठ्यानं दाबून दिवा केला. पंच म्हणून आलेले दोघं उंबऱ्यात उकिडवे बसले. तिनं जमिनीवर अक्षता ठेवल्या, त्यांच्यावर दिवा ठेवला, नवी वात भिजवली, समईवरून ती लावून घेतली. मग समईच्या वाती झेंडूच्या पाकळीनं एकेक करून शांत केल्या. उरलेलं तेल वाटीत ओतलं. खाली एक थेंब सांडला नाही. देवळात त्या दुपारी काय झालं असेल ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. यापेक्षा पक्का पुरावा मला नोकरीत दुसरा मिळाला नाही, आणि तो घेताना एवढं वाईटही कधी वाटलं नाही.

जमादारांनी पोतं पुढं केलं.

"पोत्यात नको," ती म्हणाली, आणि तिनं तेच लुगडं आणून दिलं. आम्ही लुगड्यात समई बांधली, वरून सुतळी, लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल. ती सगळं बघत उभी होती.

"ठाण्यात अंधारात ठेवू नका हिला."

"लाइट असते तिथं, आजी," मी म्हणालो. मालखान्यात एक बल्ब होता खरा, पण तो कुणी आत गेलं तरच लागायचा.

तिचं वय बघता मी अटक दाखवली नाही. नोटीस देऊन निघालो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच काळीपिवळीनं एकटीच देवळात आली. मला निरोप कळून मी पोचेपर्यंत गाव गोळा झालं होतं. ती सभामंडपात उभी होती. बोलली ती गावाशी नाही, गुरवाशी.

"समई मी नेली, बाबा. तू माझ्यापायी बोलणी खाल्लीस. मला वाटलं ज्योत ठेवली म्हंजे झालं." आणि ती त्याच्या पाया पडायला वाकली. गुरवानं तिला मध्येच धरलं. तो रडत होता. अध्यक्ष कठड्याला टेकून उभे होते. बागायतदार घरीच थांबला होता.

त्या संध्याकाळी अध्यक्ष ठाण्यावर आले. "जाऊ द्या साहेब. म्हातारी हाये. केस मिटवून टाका." फिर्याद देताना जेवढी घाई असते, त्याच्या दुप्पट घाई ती मिटवताना असते. मी त्यांना समजावून सांगितलं की दाखल झालेला गुन्हा ठाण्यात मिटत नाही, आता काय ते कोर्टात. त्यांना वाटलं मी अडून बसलोय. कायदा हा पोलिसाच्या खिशात असतो असं लोकांना वाटतं. असता तर त्या दिवशी मी तो खिशातच ठेवला असता.

गुरवाची सेवा राहिली, घर राहिलं. दोषारोपपत्र गेलं. म्हातारी प्रत्येक तारखेला यायची. कोर्टाच्या व्हरांड्यात खाली बसून वाती वळत राहायची आणि पुकारा झाला की कापूस पिशवीत भरून उठायची. वकिलांच्या कारकुनांपासून शिपायांपर्यंत कितीतरी जणांच्या घरी तिच्या वाती गेल्या असतील. पुढची तारीख मिळाली की कुणालाही दोष न देता निघून जायची. मध्ये माझी भोकरदनकडं बदली झाली. निकाल लागायच्या आधीच ती गेली, हे जमादारांनी फोनवर सांगितलं. आरोपी मयत झाल्यानं प्रकरण बंद. कागदावर ते एका ओळीत संपलं.

हा तपास माझ्या चांगल्या तपासांत मोजतात. माझी पाठ थोपटणारं पत्रही आलं होतं. मी त्यातून शिकलो ते पत्रात नव्हतं. घटनास्थळावर गुन्हेगार काहीतरी खूण मागं ठेवतो असं आम्हाला शिकवतात, आणि ते खरंच आहे. पण ती खूण दरवेळी पापाचीच असते असं नाही. कधी ती माणसाच्या चांगुलपणाची असते, आणि एकदा का चांगुलपणा पुरावा म्हणून लिहिला गेला की तो कुणाच्या गळ्याशी येईल हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. त्यानंतर मी पंचनामे जास्त सावकाश लिहायला लागलो. त्यानं कुणाचं भलं झालं का, ते मला सांगता येणार नाही.

निवृत्तीनंतर जालन्यात राहायला आलो. एकदा परतूरला एका लग्नाला गेलो होतो, परतताना वाट वाकडी करून त्या गावात उतरलो. गाभाऱ्यात विजेची जोडी लागली होती. ज्योतीच्या आकाराचे बल्ब, लुकलुकणारे. गुरवानं मला लगेच ओळखलं, हाताला धरून आत नेलं. देवीच्या मागच्या अंगाला, दगडी कोनाड्यासमोर, मोडक्या तुऱ्याची समई तेवत होती.

"कोर्टातनं माघारी आली," तो म्हणाला. "अध्यक्ष म्हनले आता हिचं काय करायचं, मोडीत घाला. मी म्हनलं, मला द्या. दिली."

"आता तुम्हीच लावता?"

"मी कशाला लावू? ती तर लागलेलीच हाये." त्याला वाटलं मला कळलं नाही. खरंच कळलं नव्हतं. "तवा कणकेच्या दिव्यावरनं मी पणतीत ज्योत घेतली न साहेब, ती दसऱ्यालाही शांत केली न्हाई. ह्या कोनाड्यात ठेवली. समई तुमच्या ठाण्यात होती तेवढे दिवस घरचं तेल घालत गेलो. माझ्या भरवशावर ठेवून गेल्ती ती माउली, मंग कशी जाऊ द्यावी? समई आली, तशी हिच्यात घेतली. ज्योत तीच हाये."

मला तिला हे सांगायचं होतं. विझवून आले असते तर बरं झालं असतं का, या तिच्या प्रश्नाला 'नाही' म्हणता येईल असं तेव्हा माझ्याकडं काही नव्हतं, आणि आता ते समोर तेवत होतं, पण ऐकायला ती नव्हती. गुरवानं तेलाची बुधली माझ्या हातात दिली. मी खाली बसलो आणि समईत तेल घातलं. थोडं खाली सांडलं, ते गुरवानं पंच्यानं पुसून घेतलं.